पाळण्याच्या कड्यांना कंबर

कंबरेसाठी उलटं लटकायचं यंत्र घेतोस? अरे, ते आम्ही लालबागच्या चाळीत कधीच केलंय, पाळण्याच्या कड्यांवर! संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात माझ्या पाठीत लाठी बसली होती. तालमीतले वस्ताद म्हणाले, "रोज थोडा वेळ उलटा लटक, मणके मोकळे होतील." मग काय, बायकोने पोराचा पाळणा उतरवला आणि जुन्या लुगड्याने माझे पाय कड्यांना बांधले.

तेवढ्यात दारात हवालदार. मोर्चातली माणसं शोधायला चाळीत झडती चालू होती. मला आधी दिसले ते त्याचे बूट. माझं बनियन गळ्यापर्यंत घसरलेलं, पाठीवरचा लाठीचा वळ उघडा. म्हटलं, आता जातोय आत.

तो वळाकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "फरक पडतो काय रे?"

"पडतो."

त्याने दार लोटलं आणि कंबरेचा पट्टा सोडला. "बंदोबस्ताला उभं राहून माझी पण गेलीय. उतर तू, आता मला बांध."

आणि बायकोला म्हणाला, "वहिनी, खालून साहेबांनी हाक मारली तर सांगा, झडती चालू आहे."