पक्ष्यांची नावं दिलेली मुलं

कॅलम : आणि या परीक्षकबाईच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही म्हणे. गेल्या वर्षी द्राक्षमळेवाल्यांच्या सॉफ्टवेअरला परीक्षक हीच होती. ते म्हणाले, भिंतीला दाखवल्यासारखं वाटलं.

टॅम्सिन : कॅलम, गप्प बस ना. माझा आवाज आधीच कापतोय.

कॅलम : कापू दे. पाळणाघराचं ॲप, दाखवणारी बाई स्वतः लेकुरवाळी, महिनोन्‌महिने न झोपलेली. परीक्षकांना आणखी काय हवं?

टॅम्सिन : म्हणजे माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तू जाहिरातीत घालणार.

कॅलम : घातलीत. स्पर्धेच्या अर्जाचा दुसरा परिच्छेद वाच.

टॅम्सिन : फिन आज पाळणाघरात सोडताना रडला नाही. रोज रडतो. आज का नाही रडला?

कॅलम : कारण त्याला कळलं, आईचा मोठा दिवस आहे. टॅम, इकडे बघ. परीक्षक सात, सगळे आपल्याच धंद्यातले. गेले पंधरा दिवस आपले पासवर्ड त्यांच्याकडे आहेत, सगळं चाळून झालंय त्यांचं. आता फक्त अर्धा तास तोंडी, तीही हिच्या एकटीसमोर. पहिल्या पाचांत आलो तर मेलबर्नची ती पाळणाघरवाली कंपनी आपला फोन उचलेल. नाही आलो तर नाताळनंतर मी परत बँकेत आणि आपलं पॉसम ॲप कचऱ्यात.

टॅम्सिन : हे आत्ता सांगायचं होतं का?

कॅलम : आली आली. हस.

(पडद्यावर तिसरी चौकट उघडते.)

डेस्पिना : ऐकू येतंय? मी डेस्पिना. रक्ततपासणीच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करते, वीस वर्षं तेच करतेय. तेव्हा पाळणाघरातलं मला फारसं कळतं असं समजू नका. दोन मुलं वाढवली, पण तेव्हा वहीवर भागायचं.

कॅलम : नमस्कार! मी कॅलम, ही टॅम्सिन. आम्ही दोघांनी मिळून पॉसम केलं. तर सुरुवातीला मी दाखवतो, सकाळी मूल आलं की ताई एकच बटण दाबते आणि आईच्या फोनवर...

डेस्पिना : ते मी बघितलंय. दोनदा बघितलंय. छान आहे. मला मुलांबद्दल बोलायचंय.

कॅलम : अर्थात. कुठल्या मुलांबद्दल?

डेस्पिना : तुमच्या नमुन्यातल्या. आम्हाला बघायला म्हणून जो वर्ग भरून दिलात ना, सगळ्यांना पक्ष्यांची नावं. रेन, हेरॉन, केस्ट्रल.

कॅलम : हां! ती टॅम्सिनची कल्पना. गोड आहे ना? मी नुसती 'मूल एक, मूल दोन' अशी ठेवली होती.

डेस्पिना : गोड आहे. बाकीच्या कंपन्यांचे नमुने बघशील तर सगळी मुलं वेळेवर झोपतात, ताट साफ करतात. तुमच्याकडची हेरॉन केळं खाते, पण सोललेलं दिसलं तर खात नाही. पाठमोरं बसून सोलायचं. केस्ट्रलला दिवसासुद्धा चंद्र कुठे आहे ते सांगावं लागतं, नाहीतर तो बाहेर येत नाही. रेन झोपताना दुसऱ्याचा कान धरतो, स्वतःचा चालत नाही.

कॅलम : टॅमला सुचतं असलं. मी म्हटलं होतं, तू गोष्टी लिही.

डेस्पिना : सुचलं का तुला, टॅम्सिन?

टॅम्सिन : रेन... रेन म्हणजे माझा फिन आहे. माझा मुलगा. कान माझाच धरतो.

डेस्पिना : बरं. तो तुझा आहे. आणि बाकीचे?

कॅलम : बाकीचे बनवलेले. टॅम?

डेस्पिना : बनवणारा माणूस मजेत लिहितो. या नोंदी दमून लिहिल्यात. एका हाताने. स्पेलिंग चुकलंय आणि कुणी दुरुस्त करत बसलेलं नाही.

कॅलम : टॅम, काहीतरी बोल.

टॅम्सिन : तू भरलेला वर्ग मेलेला दिसत होता, कॅलम. खरंच सांगते. बारा मुलं, बारा जणांनी दूध प्यायलं, बारा जण झोपले. कुठल्या आईने त्यावर विश्वास ठेवला असता? मी फिनला पाजत बसले होते, दुसऱ्या हाताने, आपलं ॲप वापरणाऱ्या मार्गोच्या पाळणाघराचा 'फुलपाखरं' नावाचा वर्ग उचलला आणि इकडे टाकला. फिनचा वर्ग. नावं बदलली, आडनावं काढली. चेहरे दिसतील असा एकही फोटो ठेवला नाही, एकेक तपासला. वाटलं, माझा पण त्यात आहेच की.

कॅलम : मार्गोला विचारलंस?

टॅम्सिन : नाही.

कॅलम : मला?

टॅम्सिन : तू हो म्हणाला असतास.

कॅलम : म्हणालो असतो. बरं, हे बघा डेस्पिना, चूक झाली, पण नावं बदललीत. केळं न खाणारी मुलगी कोण ते कुणाला कळणार?

डेस्पिना : मी केळ्यासाठी तोंड उघडलं नाही. प्लोव्हरची नोंद वाचलीस कधी?

कॅलम : नाही.

डेस्पिना : मग ऐक. 'प्लोव्हरला आई किंवा आजीशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही. वडील आले तर दार उघडू नका. त्याला मागच्या खोलीत न्या, पोलिसांना फोन करा. नवीन घर कुठे आहे ते त्याला विचारू नका, तो सांगून टाकतो.'

टॅम्सिन : देवा. देवा, ही तळाशी होती. मी वरची पानं बघितली, ही मी... ही बघितलीच नाही.

डेस्पिना : आणि फोटोत चेहरे नाहीत, खरं आहे. पण खिडकी आहे. खिडकीतून पूल दिसतो, पुलाच्या अलीकडे होड्यांचा धक्का. मी त्याच भागात, बेलेरीव्हला राहते. ती खिडकी कुठल्या रस्त्यावरची ते मी गाडीत न बसता सांगू शकते.

कॅलम : सातच जण आहेत हो. सात परीक्षक. सगळ्यांनी गुप्ततेवर सही केलीय.

टॅम्सिन : कॅलम, कुणी कुणी उघडलं ते बघ.

कॅलम : बघतोय. नावं नाहीत, नुसते नंबर. सहा जणांनी उघडलंय. एक मिनिट. हा चार नंबर... हा वेगवेगळ्या मशिनवरून उघडलेला दिसतोय. पाच, सहा... बरेच आहेत.

डेस्पिना : चार नंबर मी.

कॅलम : तुम्ही?

डेस्पिना : ऑफिसात दुपारच्या डब्याला बसलो होतो, मी म्हटलं, या बघा नोंदी कशा लिहिल्यात. त्या चंद्रवाल्यावर सगळे हसले. मग कुणी स्वतःच्या टेबलावर उघडलं असेल. पासवर्ड मी फळ्यावर लिहिला होता.

कॅलम : वा! आणि आम्हाला गुप्ततेचे धडे देताय.

डेस्पिना : देतेय. प्लोव्हरची नोंद मी काल वाचली. काल पहिल्यांदा फळा पुसला.

टॅम्सिन : डेस्पिना, तुमच्या ऑफिसात इंटरनेटची कामं कोण करतं? वायरी, वायफाय, ते सगळं?

डेस्पिना : बाहेरचे लोक येतात. का?

टॅम्सिन : प्लोव्हरचा बाप तेच करतो. नेरिदाने मला सांगितलंय. नेरिदा, त्याची आई. शहरातल्या निम्म्या ऑफिसांत तो जातो. म्हणूनच तिला भीती वाटते, कुठल्या दारातून तो बाहेर येईल सांगता येत नाही. तुमच्याकडे येतो का तो?

डेस्पिना : मला माहीत नाही.

टॅम्सिन : विचारा ना कुणालातरी!

डेस्पिना : विचारीन. फोन ठेवला की विचारीन. पण 'नाही' असं उत्तर आलं तरी तू निवांत झोपणार आहेस का? बाकीच्या पाचांनी कुणाला दाखवलं ते मला ठाऊक नाही. त्यांची नावं सांगायची मला परवानगी नाही, आणि सांगितली तरी उपयोग नाही. होबार्टमधले आपल्या धंद्यातले सगळे लोक एका हॉलमध्ये मावतात.

कॅलम : ठीक. ठीक आहे. घाबरून काही होत नाही. मी आत्ता ती एक नोंद उडवतो, खिडकीचा फोटो काढतो. दोन मिनिटांचं काम. बाकी वर्ग आहे तसा राहील.

डेस्पिना : परीक्षण सुरू झाल्यावर नमुन्यात बदल करायचा नाही. बदललात की बाद, बंद केलात तरी बाद. सोमवारपर्यंत उघडा हवा. नियम तुम्हाला पाठ असतील.

कॅलम : एक ओळ पुसली तर कुणाला कळणार आहे?

डेस्पिना : मला.

कॅलम : म्हणजे तुम्ही फळ्यावर लिहिलेलं चालतं, आणि आम्ही...

डेस्पिना : चालत नाही. तेही मी आयोजकांना कळवणार आहे. पुढच्या वर्षी मला बोलावणार नाहीत. नाहीतरी जेवण वाईटच असतं त्यांचं.

कॅलम : मग सरळ आयोजकांनाच का नाही कळवलंत? आमच्यासमोर ही परीक्षा कशाला?

डेस्पिना : आयोजक आधी समिती बोलावतील. समिती सोमवारी बसेल. तोवर ते पान उघडंच. आणि त्या पोराच्या आईला कोण सांगणार, समिती? मला वाटलं, सांगणारी बाई तिला ओळखणारी असावी.

टॅम्सिन : फक्त ती ओळ पुसायची नाही, कॅलम. सगळं बंद करायचं.

कॅलम : टॅम, थांब. थांब दोन मिनिटं. बंद केलं की आपण संपलो. मेलबर्न संपलं. मार्गोला कळलं की तीही जाईल, आपलं पहिलं पाळणाघर. आधी मार्गोशी बोलू, वकिलाशी बोलू...

टॅम्सिन : तो सांगून टाकतो रे.

कॅलम : काय?

टॅम्सिन : तो पोरगा. नवीन घर कुठे ते विचारलं की सांगून टाकतो, चार वर्षांचा आहे. म्हणून त्यांना लिहावं लागलं, विचारू नका. मोठ्या माणसांनी एवढं सांभाळायचं होतं, बस.

कॅलम : टॅम.

टॅम्सिन : बंद केलं.

कॅलम : अगं...

टॅम्सिन : सगळ्यांचे पासवर्ड बंद केले. डेस्पिना, तुमच्याकडे काय दिसतंय?

डेस्पिना : पांढरं. नुसतं पांढरं.

कॅलम : दीड वर्ष. दीड वर्षाचं काम एका बटणात.

डेस्पिना : कुणी काही उतरवून घेतलं असेल तर ते तुझ्या बटणाने परत येणार नाही, एवढं लक्षात ठेव.

टॅम्सिन : माहीत आहे.

कॅलम : काय लिहिणार तुम्ही आमच्याबद्दल?

डेस्पिना : जे झालं ते. आणि 'वापरायला सोपं' या रकान्यात दहापैकी नऊ. बाद व्हाल तरी नऊच लिहीन, ते खोटं कशाला लिहू? बरं, मी जाते. आमच्याकडे वायरी कोण जोडतं ते बघते.

टॅम्सिन : जाऊ नका.

डेस्पिना : अगं, माझं इथलं काम झालं.

टॅम्सिन : बोलू नका काही. पण मी फोन लावेपर्यंत जाऊ नका. कॅलम, तू मार्गोला लाव. दार लावून घ्या म्हणावं, आणि प्लोव्हरला... त्याचं खरं नाव सांग, ऑटो. ऑटोला आजी येईपर्यंत अंगणात सोडू नका म्हणावं.

कॅलम : काय कारण सांगू?

टॅम्सिन : खरं. माझं नाव घेऊन.

कॅलम : आपलं नाव घेऊन सांगतो. लावतो.

डेस्पिना : पोरी, फोन टेबलावर ठेवून बोल.

टॅम्सिन : वाजतोय... नेरिदा? मी टॅम्सिन. फिनची आई, ॲपवाली... नाही नाही, ऑटो बरा आहे. पाळणाघरातच आहे, मार्गो आहे त्याच्याजवळ... हो, नक्की... तसं काही झालं नाही अजून. माझ्या हातून एक गोष्ट झालीय, ती तुला सांगायचीय... तू गाडी चालवते आहेस का?... नाही, आत्ता नाही सांगत. आधी गाडी कडेला घे.