कच्चं पानी

म्या मूळची पिशोराकडची. डोंगराच्या अंगाला आमची वस्ती, शाळा म्हनाल तर मास्तरचं तोंड बगितलं तेवढंच, कारन पानी आनायचं काम पोरींकडं व्हतं, आन् तवापासून पान्यानं माझी पाठ सोडली नाय बगा. लगीन झालं तिथंबी तेच, डोक्यावर हंडा आन् काखंत कळशी. मालक लवकर गेले. मंग पोरीला घेऊन म्या औरंगाबादला आले, आता संभाजीनगर म्हनत्यात, नाव बदललं पर नळ काय रोज येत नाय. आमच्या वस्तीत आठवड्यानं येतो, कधी त्याच्याबी वर. पिंपाच्या तळाचं पानीसुदिक गाळून पितो आमी. हे आधी सांगते, म्हंजी माझा राग कुठून आला ते तुम्हाला कळंल.

वकीलसाहेबांकडं म्या धुनीभांडी करते, लई वर्सं झाली. त्यांनी नवा बंगला बांधला. कुनी वास्तुवाला आला आन् म्हनला, दिवानखान्यात काचंची मोठी टाकी ठिवा, सोनेरी मासे सोडा आन् संगं एक काळा सोडा, काळा मासा घरावरली इडापिडा आपल्या अंगावर घेतो. टाकी म्हंजी काय सांगू तुम्हाला, दोन बाया आडव्या निजतील एवढी. वास्तुशांतीच्या सकाळी टँकर आला, टाकी भरली, आन् मुहूर्त टळू नये म्हनून त्याच घटकंला मासे आत. जेवायला आलेला जो तो चिमूट चिमूट खाद्य टाकतोय, लेकरं टाकत्यात, पाव्हनं टाकत्यात, मासे काय खाऊन खाऊन खातील?

थोडे दिवस गेले आन् मासे वर येऊन धापा टाकाया लागले, कल्ले लालबुंद. पयला काळा मेला. वकीलसाहेबांची बायको, म्या वहिनी म्हनते त्यांना, त्या म्हनल्या, बरं झालं, त्यानं पीडा घेतली. मंग सोनेरी मेले तवा तोंड उतरलं. सगळी टाकी रिकामी करा म्हनल्या. आन् ते एवढं पानी, अवो, गटारीत! म्या दारात उभी राहून मनात हंडे मोजत व्हते. दगडगोटे ब्लीचिंगनं धुवायला लावले, टाकीतलं पानी गाळायच्या मोटारीतला काळा झालेला स्पंज नळाखाली चोळून पांढराशिप्पट करायला लावला. नवा टँकर, नवा मुहूर्त, नवे मासे. तेबी मेले.

तवा वहिनी म्हनल्या, माशांना सकाळी खायला कोन टाकतं? म्हनलं, तुमीच सांगितलं व्हतं, म्या टाकते. मंग म्हनतात कशा, राग नका मानू मावशी, पर आता सवाष्नीच्याच हातचं पडू द्या. आन् आता नवे आनू तेबी गेले तर तुमी काम दुसरीकडं बगा.

राग नका मानू! म्हंजी माझ्या हातानं मेले. माझं कपाळ पांढरं म्हनून मेले. काळा मासा मेला, मंग घरावरली पीडा घ्यायला म्याच उरले व्हय? याच हातानं तुमच्या लेकाला तेल लावून न्हाऊ घातलं, तवा नाय दिसलं कपाळ? हे सगळं मनातच बोलले. पर गल्लीत गोष्ट पसरली. शेजारच्या बंगल्यातबी माझं काम, तिथली बाई म्हनली, मावशी, तुळशीला पानी म्याच घालीन आता. हाताचं असं नाव झालं तर आमच्यासारखीनं खायचं काय, सांगा तुमी.

मासे घेऊन रफिकभाई यायचे, शहागंजाकडं दुकान हाय त्यांचं. पुन्हा आले तसं म्या फाटकातच आडवी झाले. म्हनलं, भाई, खरं सांगा, माझ्या हातात काय जहर हाय का? ते म्हनले, तौबा तौबा, अम्मा, हात का इसमें कुच नै, पानीच कच्चा है. म्हनलं, मंग पयलेच तोंडात काय सुपारी धरली व्हती? तर म्हनले, बोल्या था अम्मा, मुहूर्त के आगे मेरी कौन सुनता?

म्या हाताला धरून त्यांना वकीलसाहेबांपुढं उभं केलं. त्यांनी टाकीतलं पानी नळीत घेतलं, दवा टाकली, हिरवंगार झालं. म्हनले, वकीलसाब, ये जहर. मासा मुततो, खाद्य सडतं, त्याचं हे जहर. ते खानारे बारीक जंतू हळूहळू स्पंजात, दगडांत घर करत्यात, एका जातीचे ते खाऊन दुसरं जहर करत्यात, मंग दुसऱ्या जातीचे त्याला नरम करत्यात. महिना तरी लागतो, जास्तीबी लागंल. तुमी दर बारीला धुऊन त्यांचं घरच मोडता.

मला तर झटक्यात कळलं. ताजं शेन मिरचीला घातलं तर रोप जळतं, तेच उकिरड्यात कुजू द्या, सोनं. पान्याचंबी कुजवन असतं म्हना की.

वकीलसाहेबांनी मोबाइलात बगितलं आन् म्हनले, खरं हाय. रफिकभाईंनी आपल्या जुन्या टाकीतला घानेरडा स्पंज आनून आत बसवला, म्हनले, मासे नक्को, रोज चिमूटभर खाद्य टाको, वो सडेगा, जंतू उसपे पलेंगे, बस. वहिनी म्हनल्या, रिकाम्या पान्याला खायला घालू? लोक हसतील. मावशी, तुमीच टाका, मासेच नाय तर मरनार कोन?

ऐका! मरायला कुनी नव्हतं म्हनून माझा हात चालला. म्या रोज टाकलं. पानी गढूळलं, वास आला, वहिनी नाकाला पदर लावून फिरायच्या, स्पंज धुवा म्हनायच्या, म्या टाकीम्होरं उभी राहायचे, म्हनायचे, हात लावू देनार नाय, काढायचं तर मला काढा. एक दिवस रफिकभाईंनी दोन्ही जहरांच्या दवा नळीत टाकून बगितल्या, जहर कसलंच निघालं नाय, पयलं हिरवं व्हायचं ते आता पिवळं झालं. मंग थोडे थोडे मासे सोडले, कसलाबी मुहूर्त न बगता. जगले. काळाबी जगला.

आता पाव्हन्यांम्होरं वहिनी म्हनतात, आमच्या मावशींच्या हाताला गुन हाय हो. म्हनलं, वहिनी, हात तोच हाय. त्या हसल्या. माफी काय मागितली नाय कुनी.

आता टाकीतलं थोडंच पानी बदलत्यात, काढलेलं पानी म्या गटारीत जाऊ देत नाय, कॅन भरून घरी नेते, पत्र्याच्या डब्यांत लावलेल्या मिरच्यांना घालते. परवा मूठभर वहिनींना दिल्या, एवढ्या तिखट की नाकाडोळ्यातून धारा. म्या नुसती बगत राहिले, गुळाचा खडा उशिरानंच दिला. देव त्या घराचं बरं करो, लेकरंबाळं सुखात राहोत. तेवढा माझा राग मातर मला राहू द्यावा, तो म्या कमावलाय.