चौथा सर्व्हर

(डोळ्यांच्या दवाखान्यातली खोली, दुपार. सासूच्या एका डोळ्यावर पट्टी आहे, दुसऱ्याने तिला फारसं दिसत नाही. सून शेजारच्या खुर्चीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलीय. ऑफिसमधला सहकारी फोनच्या स्पीकरवर आहे.)

सासू : अगं, हळू ना जरा. टाइप करतेयस की दार ठोठावतेयस?

सून : सॉरी, आई. तुम्ही पडून राहा. डॉक्टर येईपर्यंत मान हलवायची नाही आणि डोळा मिटलेला ठेवायचा.

सासू : डोळा मिटलाय. कान कसे मिटू? मघाशी एवढा घाबराघुबरा कोण बोलत होता?

सून : आमच्या ऑफिसातला. वरच्या धरणाचं पाणी सोडलंय ना, खालची गावं हलवलीत. कोण कुठल्या छावणीत पोचलं ते शोधायची साइट आम्ही चालवतो. सगळे एकदम आपापली माणसं शोधायला लागलेत, आणि साइटला धाप लागलीय.

सासू : मग इथे काय करतेस? जा की ऑफिसला.

सून : इथूनच होतं सगळं. आणि तुम्हाला असं टाकून जाऊ?

सहकारी : हॅलो, आहेस ना? पान उघडायला युगं लागतायत. लोक परत परत तेच बटण दाबतायत, त्यामुळे आणखी तुंबतंय.

सून : आहे. साइटचे कंटेनर वाढतायत का?

सहकारी : ते वाढतायत की आपोआप! पण सगळे जाऊन डेटाबेसच्या त्याच तीन सर्व्हरच्या उरावर बसतायत.

सून : म्हणजे डेटाबेस हाताने वाढवावा लागणार. तिनाचे चार करते.

सहकारी : चार कसले? एकदम नऊ कर!

सून : नाही. एकेक करून.

सासू : हाताने म्हणजे गं?

सून : बाकीचं आपोआप होतं, आई. गर्दी वाढली की प्लॅटफॉर्म स्वतःच नवे कंटेनर, म्हणजे साइटच्या जादा प्रती, उभे करतो, ओसरली की काढून टाकतो. पण डेटाबेसकडे माहिती असते. नव्याला नुसतं उभं करून भागत नाही. जुन्यांनी आपल्याकडची थोडी थोडी त्याच्याकडे द्यायची असते. ते आम्ही आपोआपवर सोडलेलं नाही, माणूस बसतो.

सासू : हां. पाळणाघरात नवी बाई आली की पहिल्याच दिवशी मी सगळी पोरं तिच्या अंगावर नाही टाकायची. आधी दोनच द्यायची. रडतात का बघायचं.

सून : पोरं की बाई?

सासू : दोन्ही.

सून : कमांड दिली. चौथा... अडकला. थांबूनच राहिलाय.

सहकारी : जागाच नाही कुठल्या मशीनवर. तो नियम काढ ना, प्रत्येक डेटाबेस सर्व्हर वेगळ्या मशीनवर हवा, तो. बसव त्याला दुसऱ्याच्या शेजारी. लगेच सुरू होईल.

सून : आणि ते मशीन बंद पडलं तर दोघं एकदम जातील. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती आहेत. त्यातल्या दोन एकाच वेळी गेल्या तर ती नोंद कोणालाच दिसणार नाही, कारण निदान दोन जुळल्याशिवाय साइट काही दाखवत नाही. कोणाचं तरी माणूस सापडलेलं असेल आणि आपण नाही म्हणून सांगू.

सहकारी : पण असं होईलच कशावरून?

सून : आज सगळी मशीनं तापलीत. आजच्या दिवशी मला हा धोका नको. नवीन मशीन मागवलंय, येईलच.

सहकारी : येईलच, येईलच! तुला कळत कसं नाही, लोक तिकडे...

सून : काय झालंय? तू असा कधी चिडत नाहीस.

सहकारी : माझी मावशी तिकडे आहे. फोन लागत नाही. आपल्याच साइटवर शोधतोय तिला, आणि आपलंच पान उघडत नाहीये.

सून : अरे, आधी का नाही बोललास?

सहकारी : बोलून काय झालं असतं?

सासू : अहो, ऐका. मी हिची सासू बोलतेय.

सहकारी : नमस्कार, काकू.

सासू : मावशी एकट्याच असतात?

सहकारी : एकटीच. मला तिनेच वाढवलं.

सासू : एकटी राहणारी बाई शेजाऱ्यांना धरून असते. तिला मागे टाकून कोणी निघत नाही. तुम्ही आधी घोटभर पाणी प्या.

सहकारी : हो, काकू.

सून : ऐक. मशीन येईपर्यंत एक करता येईल. वरच्यांसाठी ते आकडेवारीचे रिपोर्ट सारखे चालतात ना, ते बंद करते. तेवढाच भार हलका.

सहकारी : साहेब खवळतील.

सून : माझं नाव सांग.

सहकारी : तुझं काय जातंय! तू चाललीस समुद्राकाठच्या ऑफिसात मोठी होऊन. इथे ओरडा खायला मी आहेच.

सून : अरे... तू स्पीकरवर आहेस.

सहकारी : अरे देवा.

सून : रिपोर्ट बंद केले. मशीन आलं की आवाज दे.

सासू : कुठे चाललीस?

सून : कुठे नाही, आई. मान हलवू नका.

सासू : मान जागच्या जागी आहे. कुठे चाललीस?

सून : नोकरी चालून आलीय, दुसऱ्या शहरात. मी नाही म्हणून कळवणार आहे.

सासू : का?

सून : असंच.

सासू : एवढ्या मोठ्या गोष्टीला असंच कोणी नाही म्हणत नाही. माझ्यामुळे.

सून : तुमचा हा डोळा, मग दुसरा. तुमचं घर, तुमची गल्ली, तुम्ही सांभाळलेली पोरं अजून हाक मारून जातात. तिथून तुम्हाला उपटून कुठे नेऊ?

सासू : मग ठेवून जा. तुझ्यावर कसलं बंधन आहे? माझ्या मुलाने दुसरीकडे संसार मांडला. तुमचं नातं कोर्टात मोडलं. मी त्याची आई. तुझी कोण?

सून : असं बोलू नका हो.

सासू : बोलू दे. सकाळी तुझ्या पावलांचा आवाज आला की मला हायसं वाटतं. आणि मागोमाग लाज वाटते, की ही पोर माझ्यापायी अडकून पडलीय.

सून : तो गेला तेव्हा मी बॅग भरली होती. आठवतंय? तुम्ही ती उघडलीत आणि एकेक कपडा परत कपाटात लावलात. एक शब्द बोलला नाहीत. माझ्या साड्यांच्या घड्यासुद्धा नव्याने घातल्यात. त्यानंतर मी कधी अडकलेय असं मला वाटलंच नाही.

सासू : घड्या तू वाईटच घालतेस.

सहकारी : आलं! मशीन आलं! चौथा सुरू झाला!

सून : दिसला. बाकीच्यांनी घेतलं त्याला आपल्यात. माहिती सरकायला लागली.

सहकारी : पण हे तर आणखीच हळू झालं!

सून : होणारच. जुन्यांना आधीचं काम आहेच, वर हे देणं. सरकवायचा वेग कमी करते. तू कशाला हात लावू नकोस.

सहकारी : नाही लावत.

सासू : हात दे इकडे.

सून : टाइप करायचंय, आई.

सासू : एकाने कर. बघ, बर्फ झालाय नुसता.

सून : भीती वाटतेय.

सासू : वाटू दे. मी आहे.

सहकारी : उतरतोय... लोड उतरतोय! पानं उघडायला लागली!

सून : हो, उतरला. चौथ्याला नीट स्थिरावू दे, मग पाचवा. त्याच्यासाठीही मशीन मागवून ठेवते. तू जा, मावशीला शोध.

सहकारी : शोधतोय... नाही गं. नावच नाही तिचं.

सून : आडनाव चुकीचं लिहिलं असेल कोणी. नुसत्या नावाने बघ.

सहकारी : बघितलं. नाही.

सासू : त्यांना सगळे हाक काय मारतात?

सहकारी : मोठीबाई. अख्खी वस्ती मोठीबाईच म्हणते.

सासू : मग तेच टाका.

सहकारी : आहे! शाळेतली छावणी. ‘मोठीबाई, सोबत शेजारची दोन मुलं आणि मांजर.’ मांजर! तीच आहे ती. तीच.

सून : रडतोयस?

सहकारी : नाही. हो. रडतोय.

सून : छावणीला फोन लाव. इथलं मी बघते.

सहकारी : काकू, तुम्ही...

सासू : आधी फोन लावा तिकडे. बोलायला आपण आहोतच.

सून : ठेवला त्याने.

सासू : पाचवा कधी?

सून : थोड्या वेळाने.

सासू : तेवढ्यात त्यांना कळवून टाक. समुद्राकाठच्यांना. येते म्हणून.

सून : आई, मी सांगितलं ना तुम्हाला...

सासू : तू सांगितलंस. मला विचारलंस का? परस्पर ठरवून मोकळी झालीस. मी काय झाड आहे, उपटून न्यायला? पाय आहेत मला.

सून : तुम्ही याल?

सासू : नीट विचार.

सून : माझ्याबरोबर याल का राहायला?

सासू : दुसऱ्या डोळ्याचं तिकडे बघू. डॉक्टर काय फक्त इथेच असतात?

सून : (रडत हसते) असतात की, आई.

सासू : आता डोळे पूस. दोघींपैकी एकीला तरी नीट दिसायला हवं.

सून : दिसतंय.

सासू : बरं, मला सांग. तिथल्या स्वयंपाकघरात सकाळचा उजेड येतो का गं?