हिरवा ठिपका

मुलांनो, कल्पना करा, दुरुस्तीच्या दुकानात रांगेत तुमचा दुसरा नंबर आहे. चिमीचाही होता. बिघडलेला टॅब मांडीवर घेऊन ती एकुलत्या एका खुर्चीत बसली होती. पुढे उभे असलेले काका दुकानातल्या ताईंशी बोलत होते.

"हा लॅपटॉप उघडला की घरभराचं नेट जातं. मिटला की येतं."

"भिंतीवरच्या वायफायच्या डब्याचा नेटवरचा जो पत्ता, तोच कुणीतरी यालाही दिलाय. एका पत्त्यावर दोघं, मग भांडणारच!"

"लेकीने दिला असेल. लॅपटॉप तिचाच आहे."

"मग तिलाच विचारायचं ना, काका! की मोठी साहेबीण झाली, फोन उचलत नाही?"

"नाही उचलत. गेल्या महिन्यात गेली ती. अपघातात."

"...चुकले, काका. पत्ता बदलून देते, लगेच होईल."

"मग नेट लागलं की चॅटमध्ये तिच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसेल? ती ऑनलाइन आहे असा?"

"दिसेल."

"तिची आई दिवसभर फोनवर तिचंच नाव उघडून बसते हो. आणि मला रोज यातले फोटो बघायचे असतात."

"मग याचं नेटच कायमचं तोडू? फोटो दिसतील, ठिपका नाही."

"कायमचं?"

"हो."

"जरा विचार करू द्या."

"काका, मागे रांग आहे."

चिमी उठली, खुर्ची काकांच्या मागे सरकवली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.