संघदीपची कॅसेट

घाटंजीतल्या माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे पंचफुलाबाई उभी होती.

"कापसाची जिनिंग बंद झाली तवा शेटनं माह्या पोराले, संघदीपले, हा जुना कम्प्युटर देल्ला."

"चालू झाला, मावशी. टीव्हीवर पाहा."

"यात माह्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवली म्हने. वारला त्याच्या आदल्या दिवशी सांगलं त्यानं."

"मशीनमधी काही राह्यत नाही, बंद केली का पुसल्या जाते. चिठ्ठी मशीनच्या भाषेतला आवाज करून साध्या गाण्याच्या कॅसेटमधी भरली असन."

"घरी एकच कॅसेट होती. हे घ्या, भाऊ."

"याच्यात तं भीमगीतं हायेत!"

"मीच भरले, त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी."

"याच कॅसेटवर?"

"पह्यले वाजवून पाह्यली होती, भाऊ. नुसती किरकिर होती तिच्यात."