रूथशिवायचा नाताळ

विचारलेत म्हणून सांगतो. एरवी त्या नाताळाचा मी कोणापाशी उच्चार करत नाही.

माझी पत्नी रूथ त्या पावसाळ्यात गेली. खोडाळ्याच्या आमच्या आळीत ख्रिस्ती घर एकच. पण दर नाताळला ती प्रत्येक दारी करंज्या पोहोचवी. तिच्यामागे मी ठरवले की, यंदा तारा टांगायचा नाही आणि कढईही चढवायची नाही. वाटायला आनंद आधी घरात असावा लागतो.

नाताळच्या सकाळी शेजारची जानकीबाई झाकलेले ताट घेऊन दारात उभी राहिली.

“गुरुजी, दुखवट्याच्या घरात पहिल्या सणाला तळण करत नाय. शेजाऱ्यानं आणायचं, अशी रीत हाय आमची.”

“जानकीबाई, हा सण तुमचा नव्हे.”

“इतकी वरसं करंज्या खाल्ल्या, तवा नाय कोणी बोललं!”

ताटातही करंज्याच होत्या. तिने पहिली करंजी रूथच्या नावाने उंबऱ्याशी ठेवली.

“आमच्यात मृतांसाठी घास ठेवत नाहीत,” मी म्हणालो.

“तुम्ही नका ठेवू. मी ठेवते. रूथबायनं शिकवल्या मला, मग तिनं चाखायला नको?”

दुसरी तिने माझ्या हातावर ठेवली. मी एक घास घेतला. काहीतरी बोलायला हवे म्हणून मी खरे तेच बोललो, “सारणात गूळ कमी पडला आहे.”

जानकीबाईने डोळ्यांना पदर लावला. “घ्या! माझी करंजी चाखून बाय पण दरसाल हेच बोलायची.”

आणि आम्ही दोघेही, दुखवट्याच्या घराला न शोभेल इतक्या मोठ्याने हसलो.