सुई दुखते, हे सांगणाऱ्या यमुनामावशी

दादा, माईक जरा खाली करता का? हं. मागे ऐकू येतंय?

यमुनामावशींची लेक, सून, माहीम गावातून आलेल्या त्यांच्या शेजारणी, आमचे साहेब, सिस्टर मंडळी, आणि बोईसरहून लेकरं कडेवर घेऊन आलेल्या आयांनो. एवढी माणसं जमतील असं मला वाटलं नव्हतं. मावशींना तर वाटलंच नसतं. म्हणाल्या असत्या, "कामं नाय का यांना?"

मला बोलायचा सराव नाही. मी सिस्टर राऊत. आपल्या रुग्णालयात इंजेक्शनच्या खोलीत काम करते. मला सांगितलं होतं, शोकसभा आहे, मावशींबद्दल दोन चांगले शब्द बोला. मी ते लिहूनही आणले होते. पण आत येताना दारावरचा फलक वाचला, 'ममतेचा झरा'. मग माझ्या आधी बोलणाऱ्यांनी सांगितलं, मावशी भोळ्या होत्या, मुलांना हसवायच्या, खेळवायच्या. ऐकता ऐकता माझा कागद हातातच चुरगळला.

भोळ्या? यमुनामावशी भोळ्या? ज्यांनी त्यांच्याबरोबर एक तरी ड्यूटी केली आहे, त्यांनी सांगावं. बघा, हसताय तुम्ही. मिश्री लावत लावत त्या असं काही बोलायच्या, की ऐकणाऱ्याला दुपारचा डबा गोड लागत नसे. आणि मुलांना हसवणं हे त्यांचं काम नव्हतंच. हसवायला पुष्कळांना येतं. मावशींना काय येत होतं, ते इथे कोणी सांगितलं नाही. म्हणून मी सांगते. काहींना राग येईल. येऊ द्या. मलाही आलाय.

आपण मुलांना सुई कशी देत होतो? आठवा. दोघांनी पाय धरायचे, एकाने खांदे, आईने डोकं. आणि मी म्हणायचे, "काही नाही, काही नाही. फक्त बघतेय मी." हातात सिरिंज आणि तोंडात हे. वर्षानुवर्षं म्हणत होते. मूल जेवढं किंचाळेल तेवढं घट्ट धरायचं आणि उरकायचं. बाहेर रांग असायची ना.

मावशी तिथे फरशी पुसायच्या. एकदा खोली रिकामी झाल्यावर फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "सिस्टर, खोटा कशाला बोलता? दुखतं तर दुखतं. पुढच्या टायमाला त्या पोरानं तुमचा काय ऐकायचा?"

मी काय उत्तर दिलं, माहीत आहे? म्हणाले, "मावशी, तुम्ही तुमचं काम करा."

मग वनिता आली. आज ती चौथीत आहे. तिची आई, कमळीताई, इथे बसल्या आहेत. दोघींना विचारूनच हे सांगतेय. वनिता तेव्हा पाच वर्षांची होती, डोंगराकडच्या पाड्यावरची. पोटरीला कुत्रा चावला होता, खोल. अशा वेळी पहिल्या दिवशी जखमेभोवतीसुद्धा टोचावं लागतं. चौघांनी धरलं. ती माझ्या मनगटाला चावली. तरी आम्ही उरकलं. कमळीताईंना बजावलं, तिसऱ्या दिवशी या, एकही सुई चुकवू नका.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. फोन लावला, लागला नाही. मी रजिस्टरमध्ये 'आले नाहीत' असं लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

मावशींनी विचारलं, "ती चावरी पोर नाय आली?"

"नाही."

"मंग?"

"मग काय? येतील."

"आन् नाय आली तर?"

मी पुढची सिरिंज भरली. कुत्रं पिसाळलेलं निघालं आणि सुया अर्धवट राहिल्या, तर काय होऊ शकतं ते मला माहीत होतं. ते एकदा सुरू झालं की मूल हाती लागत नाही. हे मावशींनाही माहीत होतं. पण त्यांना स्वस्थ बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रजा टाकली. पिशवीत काय घेतलं? जुन्या लुगड्याची, स्वतः शिवलेली एक बाहुली. लहान मुलांना औषध पाजायची बिनसुईची पिचकारी. थोडा कापूस. एसटीने गेल्या, पुढे पायी गेल्या.

पाड्यावर काय झालं ते मला कमळीताईंनी सांगितलं. बाहेरची बाई बघून वनिता धान्याच्या कणगीमागे जाऊन बसली. मावशींनी तिला हाक मारली नाही. चॉकलेट दाखवलं नाही. अंगणात बसल्या, बाहुली मांडीवर घेतली आणि बाहुलीशीच बोलायला लागल्या. "कुत्रा चावला गो तुला? आता तुला सुई कोन देनार? मला तर येत नाय."

बराच वेळ गेला. कमळीताईंनी चहा केला, चहा पिऊन झाला. मग वनिता कणगीमागून बाहेर आली. तिने पिचकारी घेतली. पुढे तिने काय केलं, ते नीट ऐका. आईला म्हणाली, तू हिचे पाय धर. शेजारणीला म्हणाली, तू हात धर. मावशींना म्हणाली, तू डोकं दाब. आणि दात आवळून बाहुलीच्या पोटरीत ती पिचकारी खुपसत म्हणाली, "काही नाही, काही नाही. फक्त बघतेय मी."

माझे शब्द. कमळीताई म्हणाल्या, अगदी तुमच्या आवाजात, सिस्टर. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही.

पाच वर्षांच्या मुलीने माझ्याकडून हे नेलं होतं. लस दिली मी, आणि घरी पाठवलं हे.

मावशींनी तिला थांबवलं नाही. 'बाहुलीला असं करू नये' म्हणाल्या नाहीत. ती सांगेल तितक्या वेळा डोकं दाबून धरलं. पुन्हा. पुन्हा. पोर दमली, तेव्हा हळूच विचारलं, "हिला इचारला का, हिला कसा बसायचा हाय?"

वनिताने विचार केला. बाहुलीला उचललं आणि आईच्या मांडीवर बसवलं.

"आता हिला खरा सांग. दुखल का नाय?"

वनिता म्हणाली, "दुखल."

त्याच दुपारी तिघी रुग्णालयात हजर. वनिता आईच्या मांडीवर ताठ बसली. आधी तिने बाहुलीला सुई दिली, मग मी तिला दिली. कोणी धरलं नाही. रडली का? हो, मोठ्याने रडली. मावशी म्हणाल्या, "रड, खुशाल रड. हात तेवढा हलवू नको." हात हलला नाही. उरलेल्या सगळ्या सुया तिने तशाच घेतल्या. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी.

साहेब, याला तुम्ही 'मुलांना खेळवणं' म्हणालात. खेळच आहे तो. पण त्या खेळात भेदरलेल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा काहीतरी येतं. त्याच्यावर जे झालं, ते त्याला दुसऱ्यावर करून बघता येतं. मग ते बोलतं, विचारतं, ठरवतं. हे मी नर्सिंगला शिकले होते. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. करून कोणी दाखवलं? चौथी शिकलेल्या, फरशी पुसणाऱ्या बाईने.

त्यानंतर मी शिकले, त्यांच्याकडून. इंजेक्शनच्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा मावशींचा झाला. तीन बाहुल्या, पिचकाऱ्या, पट्ट्या. बाहुल्या त्या दर शनिवारी घरी नेऊन धुवायच्या. बोईसरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं यायची, त्यांच्याशी हिंदीत. "मैं झूठ नहीं बोलेगी. दुखेगा. पहले तू इसको दे." वेळ जास्त लागतो म्हणता? उलट कमी लागायचा. चौघांना गोळा करण्यात आणि पळालेलं मूल आवारातून पकडून आणण्यात काय कमी वेळ जायचा?

मग तपासणी आली. आलेल्या वरिष्ठांनी तो कप्पा उघडला. बाहुली दोन बोटांत धरून म्हणाले, "हे हॉस्पिटल आहे की अंगणवाडी?" बाहुल्यांनी जंतू पसरतील म्हणाले. मावशी म्हणाल्या, "साहेब, दर हप्त्याला धुतं मी. एक तरी राहू द्या." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी रजिस्टरमध्ये पाहत होते.

सगळं पोत्यात भरून कचऱ्यात गेलं. मला लेखी विचारलं, 'सदर कर्मचारी परिचारिकेच्या कामात हस्तक्षेप करत होती काय?' मी लिहिलं, 'होय.' एक शब्द. लगेच सहीही केली, हे आज सगळ्यांसमोर सांगते. मावशींना चादरींच्या खोलीत पाठवलं. आणि इंजेक्शनच्या खोलीत आम्ही पुन्हा चौघं. दोघं पायाला, एक खांद्याला, आई डोक्याला.

ज्या साहेबांनी बदलीच्या कागदावर सही केली, ते आज 'ममतेचा झरा' म्हणतात. मी त्यांना काय बोलू? माझी सही त्यांच्या आधीची आहे.

काही दिवसांनी चादरी आणायला मी त्या खोलीत गेले. मावशी घड्या घालत होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमाला येतं ना आता सगळा? मंग करा की. त्याला मी कशाला पायजे?"

मी म्हणाले, "मावशी, परवानगी नाही हो."

त्यांनी चादर खाली ठेवली. "आन् पोरांशी खोटा बोलायला कोनाची परवानगी घेतलेली?"

  मी चादरी उचलल्या आणि निघून आले. गेल्या मंगळवारी मावशी घरी, ओट्यावर बसल्या बसल्या गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या, पाणी मागितलं, आणि संपलं. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच.

आता ऐकते, खोलीला मावशींचं नाव देणार. भिंतीवर ससे, हत्ती, फुगे रंगवणार. रंगवा. पण चौघांनी दाबून धरलेल्या मुलाला भिंतीवरचा ससा दिसतो का? फोटोला हार घालाल आणि खाली तेच 'काही नाही, काही नाही' चालू ठेवाल. नावापेक्षा मला धुता येईल अशी एक बाहुली द्या, आणि दर मुलामागे थोडा वेळ द्या.

नाही दिलंत तरी मी सुरू केलंय. काल सकाळी. बोईसरची एक तीन वर्षांची मुलगी होती. मी परवानगी मागितली नाही. माझ्या ओढणीची बाहुली केली, तिच्या हातात पिचकारी दिली. मला मावशींसारखं जमलं का? नाही. मधेच सवयीने तोंडातून निघालं, "कुछ नहीं होगा." मी थांबले. म्हणाले, "झूठ बोली मैं. दुखेगा." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग बाहुलीला टोचलं, मग रडली, लाथा झाडल्या, माझा चष्मा पाडला. पण धरलं फक्त तिच्या आईने. बाकी कोणी खोलीत नव्हतं. जाताना ती बाहुली मागत होती. मी दिली.

कोणाला लेखी विचारायचं असेल, तर या वेळी माझं नाव घाला. उत्तर तयार आहे. ते एका शब्दाचं नसेल.

आता उभे राहूया. दोन मिनिटं. मोठ्यांनी शांत राहायचं आहे. पण आयांनो, तुमचं लेकरू मधेच रडलं तर त्याला बाहेर नेऊ नका, तोंडावर हात ठेवू नका, आणि 'गप, सिस्टर सुई मारेल' असं तर आज चुकूनही म्हणू नका. ज्यांच्यासाठी उभे आहोत, त्यांना ते आवडायचं नाही.

यमुनाबाई, माझा नमस्कार घ्या.